फाट्यावर, फाट्याला, फाट्याहून

परभणी जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यात देवगाव फाटा आहे. इथून एक रस्ता मंठ्याकडे जातो, एक जिंतूरकडे, एक सेलूकडे. अशा फाट्यावर दिवसभर जे बोलणे चालते, त्यात निम्म्याहून अधिक वाक्ये जागा आणि दिशा सांगणारी असतात. फाट्यावर थांब. फाट्याला उतर. फाट्याहून रिक्षा मिळेल. फाट्याकडे निघालोय. फाट्यापर्यंत सोडा. फाट्यावरून वळून घ्या. यातला एकही प्रत्यय कोणी चुकत नाही, शाळेत न गेलेले मूलही चुकत नाही. तेच मूल पुढे आठवी-नववीत 'गाडी फाट्यावर उभी आहे' या वाक्याचे इंग्रजी करायला बसते आणि 'ऑन द फाटा' असे लिहिते. 'सेलूला पोचलो' याचे 'रीच्ड टू सेलू' करते, 'फाट्यापर्यंत चाललो' याचे 'टिल द फाटा'. वहीवर लाल रेघ येते आणि सोबत एक ठरलेले निदान येते, की तू मराठीत विचार करतोस म्हणून चुकतोस. हे निदान चुकीचे आहे, आणि त्याने मुलांचे मोठे नुकसान झाले आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. मूल मराठीत विचार करते म्हणून चुकत नाही. मराठी वाक्य काय सांगते याकडे त्याला कोणी नीट पाहायलाच लावलेले नसते, म्हणून चुकते. या प्रस्तावनेनंतरचे धडे याच भूमिकेवर उभे आहेत. ही भूमिका टिकते का, हे आधी तपासून पाहिले पाहिजे.

सुरुवात 'वर' या शब्दापासून करणे बरे, कारण सर्वांत जास्त लाल रेघा त्याच्यामुळे ओढल्या जातात. शाळेत हा शब्द टेबल आणि पुस्तक दाखवून शिकवला जातो. पुस्तक टेबलावर आहे, म्हणून वर म्हणजे ऑन, एवढ्यावर धडा संपतो. पण वर्गाबाहेर हाच शब्द आणखी एक काम सतत करत असतो. बाई विहिरीवर गेली आहे. गडी शेतावर आहे. धुणे नदीवर नेले आहे. मास्तर नव्या शाळेवर रुजू झाले. तो स्टँडवर वाट पाहतोय, ती कामावर आहे. यातल्या एकाही वाक्यात कोणाची पाठ किंवा कसला पृष्ठभाग बोलणाऱ्याच्या मनात नाही. विहीर, शेत, नदी, शाळा, स्टँड ही इथे काहीतरी काम चालण्याची ठिकाणे आहेत, आणि माणूस त्या ठिकाणी आहे, एवढेच 'वर' सांगतो. इंग्रजीत हे काम ॲट करतो: ॲट द वेल, ॲट द फार्म, ॲट द रिव्हर, ॲट द बस स्टँड, ॲट वर्क. म्हणजे ॲट हा मराठी मुलाला अनोळखी असा कोणी परका शब्द नाही. त्याचा अर्थ मुलाच्या तोंडात रोज आहे, फक्त तो 'वर'च्या आड राहतो आणि शाळेने 'वर'ची एकच बाजू दाखवलेली असते.

या दोन बाजू वेगळ्या कशा ओळखायच्या, याची कसोटी मराठीतच सापडते. 'वर'च्या जागी 'पाशी' घालून पाहावे. फाट्यावर उभा आहे, फाट्यापाशी उभा आहे: अर्थ फारसा हलला नाही. बाई विहिरीवर आहे, बाई विहिरीपाशी आहे: इथेही नाही. अशा वाक्यात ॲट. पण पुस्तक टेबलावर आहे आणि पुस्तक टेबलापाशी आहे, यांत पुस्तकाची जागाच बदलते. भिंतीवरचे कॅलेंडर भिंतीपाशी आणले तर ते जमिनीवर येते. अशा वाक्यात ऑन. कसोटी एका ठिकाणी कमी पडते, तेही सांगितले पाहिजे. गंगाखेड गोदावरीवर आहे, सेलू मनमाड-परभणी रेल्वेमार्गावर आहे, ही वाक्ये 'पाशी' घालून मोडत नाहीत, तरी इंग्रजीत तिथे ऑन येतो. कारण नदी आणि लोहमार्ग या लांब जाणाऱ्या रेषा आहेत, आणि गाव त्या रेषेला लागून वसलेले आहे. किनारा, सीमा, महामार्ग यांचेही असेच. म्हणून कसोटीला एक पुरवणी जोडावी लागते: 'वर' ज्याला लावतो ती गोष्ट रेषेसारखी लांब आहे का, आणि आपण तिच्याकडे रेषा म्हणून पाहतो आहोत का? धुणे घेऊन गेलेल्या बाईला नदी हे एक ठिकाण असते, तिथे ॲट चालतो. गावाला ती रेषा असते, तिथे ऑन. दोन प्रश्न विचारून वरच्या बहुतेक वाक्यांचा उलगडा होतो आणि दोन्ही प्रश्न मराठीत विचारता येतात.

याहून भक्कम पुरावा जोड्यांमध्ये आहे. विहिरीवर आणि विहिरीत, शेतावर आणि शेतात, कोपऱ्यावर आणि कोपऱ्यात. कोपऱ्यावर दुकान असते, कोपऱ्यात केरसुणी असते. पहिला कोपरा दोन रस्त्यांचा, बाहेरून पाहिलेला. दुसरा खोलीचा, आतून पाहिलेला. इंग्रजीत पहिल्याला ॲट द कॉर्नर किंवा ऑन द कॉर्नर म्हणतात, दुसऱ्याला इन द कॉर्नर. हाच फरक मराठी कधी मिसळू देत नाही. बैल विहिरीवर आहेत हे ऐकून कोणी जागचा उठणार नाही, बैल विहिरीत आहेत हे ऐकून दोर घेऊन धावत सुटेल. देवगाव आणि देवगाव फाटा ही जोडी तर नावातच हा फरक घेऊन आली आहे. माणूस देवगावात राहतो आणि गाडी देवगाव फाट्यावर पकडतो. गावाला आत असते, फाट्याला नसते. फाटा म्हणजे रस्ता फुटण्याचे ठिकाण. म्हणून गावासाठी इन आणि फाट्यासाठी ॲट. सप्तमीचा 'त' आणि इंग्रजी इन यांचा मेळ तर इतका चांगला आहे की त्याचा उपयोग करून न घेणे हे सरळ नुकसान आहे. पावसात, उन्हात, सावलीत, अंधारात, आरशात, फोटोत, आभाळात, रांगेत: यांतल्या प्रत्येकाला इंग्रजीत इन लागतो. रस्त्यावर आणि रस्त्यात हा फरकही दोन्हीकडे आहे. घर रस्त्यावर असते, दगड रस्त्यात पडलेला असतो. ब्रिटिश इंग्रजीत अडथळा होऊन मध्येच उभ्या असलेल्या गोष्टीला इन द रोड म्हणतात ते याच समजुतीने.

इंग्रजीची बाजू इथे एकदा सरळ मांडली पाहिजे. इन, ऑन आणि ॲट हे जागांचे तीन प्रकार नाहीत, जागेकडे पाहण्याच्या तीन तऱ्हा आहेत. ज्याला आत-बाहेर आहे असे आपण मानतो त्याला इन, ज्याला स्पर्श करता येईल असे पृष्ठ किंवा ज्याच्यालगत राहता येईल अशी रेषा मानतो त्याला ऑन, आणि ज्याची लांबी-रुंदी त्या क्षणी आपल्या लेखी नाही, नकाशावरच्या ठिपक्यापुरतीच ज्याची दखल आहे, त्याला ॲट. सेलूत राहणाऱ्याला सेलू हे शहर आहे, त्याच्या आत गल्ल्या आहेत, जिनिंग आहेत, बाजार आहे. तो इन सेलू म्हणेल. नांदेडहून मुंबईला निघालेल्या प्रवाशाला तेच सेलू एक थांबा आहे. त्याची गाडी ॲट सेलू थांबते. शहर तेच, पाहणारा बदलला. ज्या पाठ्यपुस्तकांत मोठ्या शहराला इन आणि लहान गावाला ॲट असा नियम दिलेला असतो, त्यांनी या पाहण्याची एक खूण तेवढी उचलली आणि कारण मागे ठेवले. वाहनांचेही असेच. बस, आगगाडी, जहाज यांत उभे राहता येते, चालता येते, ती एका ठरलेल्या मार्गावर धावतात, त्यांना ऑन. मोटार आणि ऑटोरिक्षा यांत वाकून शिरून बसावे लागते, त्यांना इन. मोटारसायकलला आतच नाही, म्हणून ऑन, आणि इथे मराठीचा 'वर' अगदी बरोबर बसतो.

आता 'ला'. हा प्रत्यय 'वर'पेक्षाही कामसू आहे आणि म्हणून अधिक फसवा. तो सेलूला राहतो. तो सेलूला गेला. आपण फाट्याला भेटू. सायकल भिंतीला टेकवली. दाराला कुलूप लावले. बैल झाडाला बांधला. सहा वाक्यांत 'ला' एकच आहे; इंग्रजीत मात्र अनुक्रमे इन, टू, ॲट, अगेन्स्ट, ऑन आणि पुन्हा टू होतात. हे पाहून मूल घाबरते आणि पाठांतराकडे वळते. पण मराठी ऐकणाऱ्याला या सहा 'ला'ंचा गोंधळ का होत नाही, असा उलटा प्रश्न विचारला तर वाट दिसते. त्याला अर्थ प्रत्ययातून कळतच नाही, क्रियापदातून कळतो. राहणे हे क्रियापद स्थिर आहे, जाणे हालते, टेकवणे आधार घेते, लावणे चिकटवते. मराठीने जागेच्या अर्थाचा मोठा भार क्रियापदावर टाकला आहे आणि प्रत्ययाला हलके ठेवले आहे. इंग्रजीने तो भार उलट शब्दयोगी शब्दावर टाकला. म्हणून 'ला' दिसला की 'ला'चे इंग्रजी शोधू नये, आधी क्रियापदाकडे बघावे, ही या धड्यांतली पहिली सवय आहे. एक सावधगिरी मात्र हवी. रीच, एंटर, क्रॉस, लीव्ह, ॲप्रोच या क्रियापदांनी गतीचा अर्थ स्वतःच्या पोटात घेतला आहे, त्यांच्या पुढे टू किंवा फ्रॉम लागत नाही. रीच्ड सेलू एवढेच पुरे. अराइव्हपुढे मात्र छोटा शब्द लागतो, आणि तिथे परत तीच दृष्टी कामाला येते: स्टेशन असेल तर ॲट, मुंबई असेल तर इन.

दिशेच्या बाबतीत मराठीजवळचे साहित्य इंग्रजीपेक्षा उणे नाही, हे मुद्दाम दाखवून द्यावेसे वाटते. सेलूला गेला म्हणजे पोचला असे आपण धरतो. सेलूकडे गेला म्हणजे तोंड त्या बाजूला होते. पोचला की नाही ते वाक्य सांगत नाही. सेलूपर्यंत गेला म्हणजे तिथवर गेला, पुढे गेला नाही. टू, टुवर्ड्‌ज आणि ॲज फार ॲज यांत हाच आणि एवढाच फरक आहे. जो मुलगा 'कडे' आणि 'ला' यांची कधी अदलाबदल करत नाही, त्याला टुवर्ड्‌ज अवघड जाण्याचे काहीच कारण नाही. 'पर्यंत'ने मात्र एक खड्डा केला आहे. मराठीत तो वेळेलाही चालतो आणि जागेलाही, आणि शाळेत त्याची ओळख टिल या वेळेच्या शब्दाशी करून दिलेली असते. म्हणून टिल द फाटा. वेळेचा 'पर्यंत' आणि अंतराचा 'पर्यंत' हे दोन वेगळे मोजायला शिकवले की ही चूक जाते. आणखी एक साम्य फार थोडे शिक्षक दाखवतात. तो घरी गेला या वाक्यात 'घरी' या जुन्या सप्तमीला आपण वेगळा प्रत्यय जोडत नाही. इंग्रजीतही ही वेंट होम, मध्ये टू नाही. दोन्ही भाषांनी घराला इतर ठिकाणांहून निराळे वागवले आहे.

'ऊन' आणि 'हून' या पंचमीच्या प्रत्ययांकडे वळलो की प्रांत आणखी सुपीक होतो, आणि इथे थोडे थांबण्यासारखे आहे. 'वरून' हा शब्द घ्या. पोरगा झाडावरून पडला. एस.टी. पुलावरून गेली. वरात आमच्या घरावरून गेली. तो सेलूवरून आला. पहिल्यात झाड सुटले: आउट ऑफ किंवा फ्रॉम. दुसऱ्यात पूल ओलांडला: ओव्हर किंवा अक्रॉस. तिसऱ्यात घर मागे पडले, कोणी छपरावर चढले नाही: पास्ट. चौथ्यात दोन अर्थ आहेत, सेलूहून निघाला किंवा सेलूमार्गे आला, आणि कोणता ते बोलण्याच्या ओघात ठरते. 'तून'चेही असेच. सोयाबीन काढून मोकळ्या झालेल्या वावरातून माणूस गेला तर इंग्रजी अक्रॉस म्हणेल, कारण जमीन उघडी आहे आणि या कडेपासून त्या कडेला जाणे एवढाच अर्थ आहे. त्याच वावरात डोक्याबरोबर वाढलेली तूर उभी असेल आणि माणूस ती बाजूला सारत गेला तर थ्रू म्हणेल, कारण आता चहूबाजूंनी काहीतरी आहे आणि तो त्याच्या आतून वाट काढतो आहे. वावर तेच, 'तून' तोच. मराठी बोलणारा फरक करायचाच असेल तर नाम बदलतो, 'वावरातून' म्हणण्याऐवजी 'उभ्या तुरीतून' म्हणतो. आणि तो बांधाबांधाने गेला, पाटाच्या कडेने गेला, तर अलाँग. अलाँगसाठी मराठीत तृतीयेचा 'ने' तयार आहे. पण शब्दसूचीत अलाँगपुढे 'च्या बाजूने' असे लिहून ठेवल्यामुळे मुलाला तो बिसाइडचा भाऊ वाटतो, आणि चालण्याचा, लांबीने पुढे सरकण्याचा अर्थ हरवतो.

या साऱ्यामागे भाषांच्या घडणीतला एक खोल फरक आहे. लेनर्ड टाल्मी या अमेरिकन भाषावैज्ञानिकाने जगातल्या भाषांची एक मोठी विभागणी मांडली: काही भाषा वाट क्रियापदात सांगतात, काही ती क्रियापदाबाहेरच्या छोट्या शब्दात सांगतात. इंग्रजी दुसऱ्या गटातली. तिथे क्रियापद चालण्याची तऱ्हा सांगते आणि वाट छोटा शब्द सांगतो: ही रॅन इन्टू द हाउस. मराठीत वाट 'आत' आणि 'आला' यांच्यात वाटली जाते आणि तऱ्हा कृदंतात जाते: तो पळत घरात आला. ही स्वॅम अक्रॉस द रिव्हर याचे मराठी करताना पोहून हे आधी येते आणि पलीकडे गेला हे मुख्य होते. म्हणून मराठी मुलगा 'ही केम इन द हाउस बाय रनिंग' असे लिहितो. त्यात व्याकरणाची चूक थोडी आहे, खरी चूक मांडणीची आहे. त्याला इन्टूचा अर्थ सांगून भागणार नाही. इंग्रजी वाक्यात तऱ्हेला क्रियापदाचे आसन मिळते आणि वाटेला छोट्या शब्दाचे, हे दाखवावे लागेल.

हा प्रश्न फक्त आपला नाही. स्पॅनिशमध्ये 'एन' हा एकच शब्द टेबलावरच्या आणि पेटीतल्या अशा दोन्ही वस्तूंना चालतो. कोरियन भाषेत वस्तू आत गेली की वर बसली यापेक्षा ती घट्ट बसली की सैल राहिली, या फरकाला क्रियापदात अधिक महत्त्व आहे. सूंजा चोई आणि मेलिसा बोअरमन यांनी 1991 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अगदी लहान कोरियन मुलेही हा फरक आपल्या भाषेप्रमाणे करतात आणि इंग्रजी मुले इंग्रजीप्रमाणे, असे दाखवले. जोसेफ ग्रीनबर्ग यांनी 1963 साली तीस भाषा तपासून सांगितले की ज्या भाषांत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते त्यांत जागा दाखवणारा शब्द बहुधा नामाच्या मागून येतो. मराठी, हिंदी, उर्दू, कन्नड, तेलुगू सगळ्या अशाच. मराठवाडा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि इथल्या शिकलेल्या पिढ्यांनी उर्दूतून शिक्षण घेतले. पण 'स्टेशन पर' आणि 'स्टेशनवर' यांत 'पर' आणि 'वर' बरेचसे सारखे वागतात, त्यामुळे त्यांना जागा मांडण्याची रीत नव्याने शिकावी लागली नाही. इंग्रजीपाशी येऊन पहिल्यांदा सगळी मांडणी उलटी झाली. नामाच्या आधी छोटा शब्द, नाम जसेच्या तसे, 'फाटा'चे 'फाट्या' होणे नाही.

आपल्याकडे साहित्य नव्हते असेही नाही. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण 1836 साली आले, मोरो केशव दामल्यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' 1911 साली. दुसऱ्या एका तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या, आणि तिथे मराठी व इंग्रजी वाक्ये समोरासमोर ठेवून तपासायची सवय होती. आज स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा मुलगा एका वहीत शब्दयोगी अव्ययांचे प्रकार पाठ करतो, स्थलवाचक, गतिवाचक, उदाहरणांसकट. आणि दुसऱ्या वहीत इंग्रजीची प्रिपोझिशन पाठ करतो. दोन्ही वह्या एकाच टेबलावर असतात. त्या एकमेकींशेजारी उघडायला त्याला कोणी सांगत नाही. 2000 साली महाराष्ट्रात मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. त्याआधी ते पाचवीपासून होते. वर्षे वाढली, ही दोन दालने मात्र वेगळीच राहिली.

आता आक्षेपांकडे. सर्वांत वजनदार आक्षेप असा की भाषा नियमांनी येत नाही, ऐकून येते. लंडनच्या मुलाला कोणी इन आणि ॲटचा तक्ता दिला नव्हता. हे खरे आहे. पण लंडनच्या मुलाने शाळेत जाण्यापूर्वी हे शब्द अगणित वेळा, वस्तू समोर असताना ऐकलेले असतात. सेलू तालुक्यातल्या मुलाच्या वाट्याला दिवसाला इंग्रजीची एक तासिका येते आणि त्यातही बराच वेळ मराठीतून समजावण्यात जातो. जिथे ऐकणे इतके तुटपुंजे आहे तिथे विचार करून शिकणे हीच बचत आहे. दुसरा आक्षेप इंग्रजीच्या वर्गात मराठी आणू नये म्हणणाऱ्यांचा. त्यांची भीती समजण्यासारखी आहे, पण मराठी वर्गात आणावी लागत नाही, ती आधीच आलेली असते. मूल मनातल्या मनात भाषांतर करतेच. ते चोरून, घाईने आणि शब्दाला शब्द लावून करते, कारण उघड करायला मनाई आहे. उघड केले तर ते तपासता येते. तिसरा आक्षेप असा की यातले बरेच काही रूढीने ठरलेले आहे, नियमात बसत नाही. हेही अंशतः मान्य केले पाहिजे. पक्षी झाडावर असतो, तरी इंग्रजीत इन द ट्री, कारण इंग्रजी बोलणारा फांद्या-पानांचा घेर पाहतो. पण फळ ऑन द ट्री. ब्रिटनमध्ये इन द स्ट्रीट तर अमेरिकेत ऑन द स्ट्रीट. असे अपवाद पाठ करावेच लागतील. पण गाभा समजलेल्याला अपवाद थोडे दिसतात, आणि न समजलेल्याला प्रत्येक वाक्य अपवाद वाटते.

चौथा आक्षेप असा की एवढ्या काटेकोरपणाची गरज काय, चुकीचा शब्द वापरला तरी समोरच्याला कळतेच. पुष्कळदा कळते, आणि बोलणाऱ्या मुलाला अशा वेळी अडवू नये, हेही मला तितकेच मान्य आहे. पण काही जागी कळत नाही. 'समोर' घ्या. शाळेसमोर गाडी उभी आहे आणि शाळेसमोर बँक आहे. पहिल्यात गाडी शाळेच्याच पुढ्यात, याच बाजूला: इन फ्रंट ऑफ. दुसऱ्यात मध्ये रस्ता आहे: ऑपोझिट. पत्ता इंग्रजीत लिहिताना हा फरक चुकला तर पार्सल घेऊन येणारा माणूस रस्त्याच्या चुकीच्या बाजूला उभा राहतो. खरेदीखतातली चतुःसीमा याहून जोखमीची. पूर्वेस अमुक गट, पश्चिमेस पाणंद, उत्तरेस नाला, असे जे लिहिले जाते त्यात 'स' हा एकच प्रत्यय आहे. इंग्रजीत इन द ईस्ट म्हटले तर ती गोष्ट त्या जमिनीच्या आतच, पूर्वेकडच्या भागात असू शकते. ऑन द ईस्ट म्हटले की ती पूर्वेच्या हद्दीला लागून. टू द ईस्ट म्हटले की ती बाहेर, पूर्वेच्या दिशेला, लागून असेल किंवा नसेलही. परभणी मराठवाड्यात आहे, इथे इन. नांदेड परभणीच्या पूर्वेला आहे, इथे टू. एखादा नाला जमिनीच्या आत धरला गेला की बाहेर, याचा निकाल अशा एका छोट्या शब्दावर लागू शकतो. ज्याचे कुटुंब कोरडवाहू जमिनीवर पोट भरते त्याला हा काटेकोरपणा चैनीचा वाटणार नाही.

धड्यांची मांडणी या युक्तिवादातूनच आली आहे. प्रत्येक धड्याच्या आरंभी एक नकाशा आहे: फाटा, तीन रस्ते, विहीर, वावर, कालवा, पूल. आधी मराठी वाक्य, मग त्या वाक्याला विचारायचे प्रश्न, आणि शेवटी इंग्रजी. वेळेचे ॲट, ऑन आणि इन शेवटच्या धड्यात थोडक्यात आले आहेत. घड्याळातली वेळ ठिपक्यासारखी म्हणून ॲट, वार-तारखेला ऑन, महिना-वर्षाला आत असते म्हणून इन. जागेची दृष्टी बसलेल्याला त्यासाठी वेगळी मेहनत पडत नाही. शिक्षकांना एक विनंती मात्र करायची आहे, आणि ती परीक्षेबद्दल आहे. रिकामी जागा भरा या प्रश्नात 'ही इज अमुक द स्कूल' एवढेच वाक्य देऊन एकाच उत्तराला गुण देऊ नयेत. मुलगा शाळेच्या इमारतीत आहे, की शाळा नावाच्या ठिकाणी आहे, की छपरावर कौले बदलतो आहे, हे वाक्यात नाही. इन, ॲट आणि ऑन तिन्ही बरोबर ठरू शकतात. सोबत चित्र द्यावे, किंवा दोन ओळींचा प्रसंग द्यावा, किंवा निदान मराठी वाक्य द्यावे. तेही जमत नसेल तर मुलाने निवडलेल्या शब्दाचे कारण त्याला मराठीत लिहू द्यावे आणि गुण त्या कारणाला द्यावेत.